थंडीतली रेषा

ऑफिसात त्यांना सगळे वकीलबाई म्हणत. वकिलीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. चिपच्या पोटातली सर्किटं तपासणं हे त्यांचं काम. पण दुसऱ्याचं सर्किट समोर आलं की बाई त्याची अशी उलटतपासणी घ्यायच्या, की ते काढणारा माणूस आरोपीसारखा खुर्चीच्या कडेला येऊन बसायचा. हा प्रवाह इथून पुढे जातो कुठे? उन्हात तापल्यावर काय होतं? सेल अर्धा उतरल्यावर? उत्तर मिळेपर्यंत त्या पुढे सरकायच्या नाहीत. लोक पाठीमागे बोटं मोडायचे, आणि गाडं अडलं की मुकाट्याने त्यांच्याच टेबलाशी येऊन उभे राहायचे.

वीसेक वर्षं हे असंच चाललं होतं. दुसऱ्यांच्या चुका निस्तरण्यात बाईंचे केस पिकले, पण ज्याला आपलं म्हणावं असं एकही सर्किट त्यांच्या हातून कुठल्या चिपमध्ये गेलं नव्हतं. कौतुक व्हायचं ते काढणाऱ्याचं. तपासणारीला फार तर चहा मिळायचा. कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, मला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं. चांगलंच वाटायचं, आणि घरी कधीकधी भांडी जरा जोरात आपटली जायची ती त्यामुळेच.

मग ती लशींच्या पेट्यांची चिप आली. लस गार ठेवून गावोगाव न्यायची तर पेटीत तापमान नोंदणारा एक छोटा नोंदणारा ठेवतात. वाटेत पेटी कुठे तापली, किती वेळ तापली, हे तो लक्षात ठेवतो. शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर त्याने महिनोन्महिने काढायचे, तेही थंडगार पेटीत. त्याच्या आतली चिप बहुतेक वेळ झोपलेली असते, आणि तिला जागं करायला एक वेगळं छोटं सर्किट लागतं. जुनं सर्किट हे काम इमानाने करायचं, पण एकदा जागं केल्यावरही घरजावयासारखं तिथेच बसून सेल खात राहायचं. बाईंनी नवीन काढलं. ते चिपला उठवायचं आणि स्वतः पूर्ण बंद व्हायचं. सेल जवळजवळ दुप्पट टिकणार होता. ही युक्ती त्यांना दात घासताना सुचली, आणि तोंडात फेस तसाच ठेवून त्यांनी ती वीजबिलाच्या पाठीमागे काढून ठेवली.

पुढचं सगळं वर्ष त्या सर्किटाने त्यांना झुलवलं. अगदी सुरुवातीच्या कच्च्या मांडणीत ते थंडीतही चाललं होतं. नंतर जागा वाचवायला, विजेची गळती कमी करायला, शेजारच्या सर्किटाची कुरकुर थांबवायला त्यात इतके बदल झाले की सुरुवातीचं फक्त तोंडवळ्यात उरलं. पण बाईंचा जीव त्यात अडकला होता. कधी नव्हे ते त्या स्वतःच्या कामाबद्दल जेवताना बोलायला लागल्या. नवरा लिफ्टच्या देखभालीचं काम करणारा. तो म्हणायचा, "आमचं बरं आहे. लिफ्ट वर आली की आली. तुमचं ते बनायच्या आधीच चाललं की नाही हे कळतं कसं?"

कळतं ते सिम्युलेशनमुळे. सर्किट प्रत्यक्षात नसतं, पण संगणक ते असल्यासारखं चालवून बघतो आणि निकाल साठवून ठेवतो. दुसरा एक प्रोग्राम तो निकाल उचलून पडद्यावर रेषा काढतो. व्होल्टेज कसं चढलं, प्रवाह कधी थांबला, सगळं रेषांमध्ये दिसतं. आता यात एक मेख आहे. हा रेषा काढणारा बिचारा हुकमाचा ताबेदार. नवा निकाल आला नाही तर तो जुनाच दाखवत बसतो. कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण तेवढा उगवतो, की बाबांनो, हे शिळं आहे. पण मीटिंगच्या मोठ्या पडद्यावर रेषा ऐसपैस दिसाव्यात म्हणून वरची आणि बाजूची पट्टी लपवायची सगळ्यांना सवय. त्या पट्टीबरोबर त्रिकोणही जातो. तो गेला म्हणून आजवर कुणाचं अडलं नव्हतं.

त्या दिवशी डिझाईन कारखान्याकडे पाठवायचं होतं. कारखाना अनेक कंपन्यांच्या चिपा एकाच खेपेत बनवतो, आणि खेपेचं दार संध्याकाळी बंद होणार होतं. चुकलं तर पुढची खेप कित्येक महिन्यांनी. दार बंद झाल्यावर आत गेलेलं कुणाच्या बापाला बदलता येत नाही. सकाळी शेवटची मीटिंग भरली. आदल्या संध्याकाळी बाईंनी आपलं सर्किट सगळ्या तापमानांना चालवायला लावून ठेवलं होतं. त्यांनी व्ह्यूअर, म्हणजे तो रेषा काढणारा प्रोग्राम, उघडला, पट्ट्या लपवल्या आणि दोन खिडक्या शेजारीशेजारी मांडल्या. डावीकडे खोलीच्या तापमानातला प्रवाह, उठवणारं सर्किट काम होताच शून्यावर गेलेलं. उजवीकडे कडाक्याच्या थंडीतलं व्होल्टेज, एका दमात वर चढून स्थिर झालेलं.

प्रकल्पाचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, तो पुढे झुकून बघत राहिला. नोकरीच्या पहिल्या वर्षात बाईंनी त्याच्या नाकी नऊ आणले होते, त्यामुळे त्याच्या तोंडून कौतुक निघालं ते जरा जपूनच.

"बाई, याला काय विचारायचं तेच सुचत नाहीये," तो म्हणाला.

"सुचलं तर दुपारपर्यंत विचार. नंतर मी ऐकणार नाही," बाई म्हणाल्या. सगळे हसले, आणि टाळ्याही वाजल्या. इंजिनिअर लोक टाळ्या वाजवण्यात हात आखडता घेतात, तरी वाजल्या. बाईंचे कान गरम झाले. त्यांनी पाणी पिण्याच्या निमित्ताने तोंड बाटलीमागे लपवलं.

जेवण झाल्यावर त्या शेवटचा तक्ता भरायला बसल्या. चिपला उठायला किती वेळ लागतो तो आकडा त्यात लिहायचा होता. त्यांनी थंडीतल्या रेषेवर पडद्यावरचा काटा ठेवला, आकडा वाचला, आणि तुलनेसाठी शेजारच्या रकान्यातल्या जुन्या सर्किटाच्या आकड्याकडे बघितलं.

तोच होता. शेवटच्या अंकापर्यंत तोच.

दोन वेगळी सर्किटं जवळपास सारखी असू शकतात. दशांशाच्या पुढच्या सगळ्या घरांत सारखी असू शकत नाहीत. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं.  त्यांनी पट्टी पुन्हा उघडली. कोपऱ्यात पिवळा त्रिकोण होता.

मग शोधाशोध. आदल्या संध्याकाळी सर्व्हरवरची जागा भरली होती. खोलीच्या तापमानाचा निकाल लिहून झाला, आणि थंडीचा सुरू व्हायच्या आतच काम गपकन थांबलं. त्या खिडकीत याआधी काय होतं? तुलनेसाठी चालवलेलं जुनं सर्किट. व्ह्यूअरने तेच इमानेइतबारे पुढे केलं. म्हणजे सकाळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या धड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं अशा फोटोला. कमी प्रवाह बाईंच्या सर्किटाचा होता. थंडीत उठवणं जुन्याचं होतं.

बाईंचं सर्किट थंडीत चिपला उठवतं की नाही, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

आता इथे कुणी म्हणेल, अशी तत्त्वाची बाई, ती ताडकन उठली असेल. नाही उठली. त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. आसपास सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले होते. मग त्या प्रसाधनगृहात गेल्या, तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन जागेवर बसल्या. डोक्यात हिशेब चालला होता. पहिली मांडणी थंडीत चालली होती. नंतरचे बदल किरकोळ होते, निदान बरेचसे. चालण्याचीच शक्यता जास्त. आपण बोललो तर पुन्हा चालवणं आलं, आणि त्यात काही निघालं तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होणं कठीण. कॅप्टन सर्किट काढून टाकेल. पुढच्या चिपला हीच युक्ती कुणी घेईल याची काय खात्री? पुढची चिप आपल्याकडे येईल याची तरी काय खात्री? आणि नाही बोललो तर? चिप काही महिन्यांनी हातात येईल. चालली तर चालली. नाही चालली तर शंभर कारणं निघतात, आणि त्यात हे कारण कुणी शोधणार नाही, कारण असली कारणं शोधणारी इथे एकच बाई आहे.

हा विचार आला आणि बाईंना स्वतःची किळस आली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण विचार सरळ होता, सोपा होता, आणि त्यात तपासण्यासारखी एकही चूक नव्हती. त्या उठल्या त्या चांगुलपणाने नव्हे, या भीतीने उठल्या.

कॅप्टनच्या केबिनमध्ये लेआऊट काढणारे नकाशेबुवा बसले होते. हेही टोपणनावच. सर्किटाचा प्रत्यक्ष नकाशा, कुठला तुकडा कुठे बसणार तो, हे बुवा आखायचे. दोघं पाठवायच्या फायलींवर शेवटचा हात फिरवत होते.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "सकाळी मी दाखवलेला थंडीचा आलेख माझ्या सर्किटाचा नव्हता. जुन्या सर्किटाचा शिळा निकाल होता. मी पट्टी लपवली होती. मला दिसलं नाही."

कॅप्टनला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने पेन टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला दिसलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"तुम्हाला."

 त्या एका शब्दात वीस वर्षांची वसुली होती, आणि ती त्याला करू देण्यावाचून इलाज नव्हता. पण कॅप्टनने ती लांबवली नाही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि केबिनचं दार लावलं.

"खोलीच्या तापमानाला चाललंय. पहिली मांडणी थंडीत चालली होती. बरोबर? मग तुम्हाला खात्री किती आहे ते सांगा. तुमच्या खात्रीवर मी पाठवायला तयार आहे."

म्हणजे सुटायची वाट अजून उघडीच होती. नुसतं, पुष्कळ खात्री आहे, एवढं म्हणायचं होतं, की मोकळं. जबाबदारी दोघांत वाटली गेली असती. 

"खात्री सकाळी होती," त्या म्हणाल्या. "तीही शिळीच निघाली. आता चालवूनच बघूया."

"आणि नाही चाललं तर?"

"तर आज कळेल. पेटीत गेल्यावर कळण्यापेक्षा बरं. नोंदणारा झोपून राहिला तर तापलेली लस चांगली समजून कुणालातरी टोचतील."

 नकाशेबुवा उठले आणि म्हणाले, "मी सर्व्हरवरची जागा मोकळी करून घेतो. माझाच कचरा जास्त असणार."

थंडीचं सिम्युलेशन सुरू झालं. या वेळी बाईंनी जुने निकाल आधी पुसून टाकले. आता खिडकीत काही दिसेल ते नवंच असेल, नाहीतर काहीच दिसणार नाही. रिकामी काळी खिडकी बघत तिघं उभे राहिले. हळूहळू बातमी पसरली असावी, कारण पाठीमागे आणखी दोघंतिघं येऊन थांबले.  वातानुकूलनाचा आवाज एरवी कुणाला ऐकू येत नाही, तो येत होता.

रेषा डावीकडून उगवली आणि मुंगीच्या पावलांनी पुढे निघाली. सुरुवातीला सपाट, ते ठीक होतं. मग चढायला लागली. बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. चढली, चढली, अर्ध्यावर आली. तिथे वेग मंदावला. सकाळी उठायला निघालेलं माणूस पांघरूण सारतं, कोपरावर रेलतं आणि पुन्हा आडवं होतं, तशी ती रेषा रेलली आणि आडवी झाली. पुढे सपाट. आणखी सपाट. बाई वाट बघत राहिल्या. बाकीच्यांना कळून चुकलं होतं, तरी त्या रेषेच्या टोकाकडे बघतच राहिल्या, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

"चिप जागी होण्याआधीच हे बंद होतंय," शेवटी त्याच म्हणाल्या. "थंडीत ते जास्तच घाई करतंय."

"किती वेळ हवा?" कॅप्टनने विचारलं.

"एक प्रयत्न करू दे."

"एकच, बाई. त्यानंतर नाही."

त्या बसल्या. बंद होण्याची वेळ ठरवणारा ट्रान्झिस्टर त्यांनी बारीक केला, म्हणजे सर्किट थोडं उशिरा बंद होईल. घाईत तोच आकडा त्यांनी दोनदा चुकीचा टाइप केला. पुन्हा थंडी चालवली. या वेळी रेषा अर्ध्यावर अडखळली, पण चढली. पार वर चढली. पाठीमागे कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी टाकला नाही. त्यांनी उन्हाळा चालवला, तापलेल्या पेटीचा. तिथे सर्किट बंदच होईना. जागं करून झालं तरी प्रवाह खात राहिलं, जुन्यापेक्षाही जास्त. ते नेमकं कधी बंद व्हावं हे आता एका आकड्याने सुटणारं नव्हतं. त्याला नव्याने विचार लागला असता, आठवडे लागले असते, आणि इथे तासांचाही प्रश्न होता.

आता हे सर्किट काढून टाकावं लागणार, हे सगळ्यांना कळलं होतं. शेवटी नकाशेबुवांनी तोंड उघडलं.

"जुन्या सर्किटाचा नकाशा माझ्याकडे तयार आहे. तुमचं मी त्याच चौकटीत बसवलं होतं. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे हां, बाई. माझी आपली सवय."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं.

"काढून टाकायचं काम मी करू का?" कॅप्टनने विचारलं. त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊपणा बाईंना सकाळच्या टाळ्यांपेक्षा जड गेला.

"नाही. मी करते."

त्यांनी सर्किटाचं चित्र उघडलं. वर्षभर रोज बघितलेलं चित्र. कुठली तार का वाकडी आहे तेसुद्धा त्यांना पाठ होतं. सगळ्याभोवती चौकट ओढली आणि बटण दाबलं. मधे एक भोक राहिलं. त्यात त्यांनी जुनं सर्किट बसवलं, सगळी टोकं एकेक करून जोडली, जुने निकाल पुसले, आणि थंडी, ऊन, खोली, तिन्ही पहिल्यापासून चालवली. थंडीतली रेषा एका दमात वर चढली, सकाळच्या मीटिंगमध्ये चढली होती अगदी तशीच. आता ती खरी होती. बाईंनी आकडा वाचला, तक्त्यात लिहिला, स्वतःच्या नावाचा रकाना कोरा केला. दार बंद व्हायला थोडाच वेळ उरला असताना कॅप्टनने फायली पाठवल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. नकाशेबुवांनी कुठूनतरी चहा आणला आणि तिघांनी तो उभ्याउभ्याच प्यायला.

"उद्या सगळ्यांची पट्टी लपवण्याची सवय मोडायची," कॅप्टन म्हणाला.

"मी मोडते," बाई म्हणाल्या. "माझ्यावर सोड. आता तर मला पुरावाही आहे."

ते हसले, पण बेताने.

घरी पोचल्या तेव्हा दिवे नुकते लागले होते. दार उघडल्यावर त्यांना आठवलं, की दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी घरी फोन केला होता. मीटिंगच्या आनंदात त्या म्हणाल्या होत्या, चाललं बरं का, माझं चाललं. नंतरच्या धामधुमीत तो फोन डोक्यातून साफ गेला होता. घरात मात्र ती बातमी दुपारपासून ताजीच होती. टेबलावर केक होता. मुलीने एरवी कधी घालायची नाही तो चांगला फ्रॉक घातला होता. नवऱ्याने कामावरून लवकर येऊन दाढी केली होती, आणि त्याने चक्क टेबल पुसलं होतं.

"या, चिपवाल्या बाई," तो म्हणाला. "आता आम्हाला विचारणार की नाही?"

बाई चपला न काढता उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. केक कापून झाल्यावर सांगू, जेवणं होऊ देत मग सांगू, असं त्यांच्या मनात आलं. एका दिवसात दुसऱ्यांदा आलं. या वेळी त्यांनी त्याला थारा दिला नाही.

"आधी ऐका," त्या म्हणाल्या. "मी दुपारी सांगितलं ते खरं नव्हतं. माझं थंडीत चालत नाही. चिप गेली, पण माझं सर्किट त्यात नाहीये. मीच काढून टाकलं."

नवऱ्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याला वर्षभराच्या सगळ्या गोष्टी माहीत होत्या, अगदी वीजबिलाच्या पाठीमागच्या चित्रापासून.  पुढे येऊन त्याने त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

मुलीने मात्र विचार केला. तिने सुरी हातात तशीच धरली होती.

"म्हणजे आता ती पेटीतली चिप थंडीत उठेल ना?" तिने विचारलं.

"उठेल."

"लस खराब झाली तर कळेल?"

"कळेल."

"मग झालं की," मुलगी म्हणाली. "ये ना, काप."

तिच्या लेखी विषय संपला होता. बाईंनी सुरी घेतली, आणि सबंध दिवस कोरडे राहिलेले डोळे तिथे भरून आले. चिप बरोबर गेली म्हणून नव्हे. आपलं सर्किट बाहेर राहिलं म्हणून. इतकी वर्षं मला काही वाटत नाही म्हणत होत्या, आणि आता नवऱ्यासमोर, मुलीसमोर त्या म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय गं. फार." आणि चपला पायात तशाच ठेवून, खुर्चीवर बसून, त्या मोकळेपणाने रडल्या.